बहिणीच्या फॉर्मवर दुसऱ्याचा धर्म

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. मागच्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात. वेळ अंदाजाने सांगत नाही, फॉर्म जमा झाल्याच्या पावतीवर छापलेली आहे. चळवळीची पत्रकं लिहिता लिहिता मी एवढं शिकले की कोणावर, कधी आणि कोणी, हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे. नाहीतर लोक त्या कागदात शेंगदाणे बांधतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसऱ्याचं उत्तर शोधायला मला दीड महिना लागला, तेव्हा तुम्हीही थोडं थांबा.

बहिणीला नर्स व्हायचं होतं. बारावी सायन्स झाली होती, आणि तिने स्वतःच मोबाईलवर शोधून एक विद्यापीठ काढलं होतं. दुसऱ्या राज्यातलं, ख्रिस्ती लोकांनी चालवलेलं, स्वतःचं मोठं हॉस्पिटल असलेलं. तिथे पहिल्या वर्षापासून मुलींना वॉर्डात उभं करतात, हे तिला फार आवडलं होतं. त्यांचे व्हिडिओ ती जेवताना बघायची आणि मला विचारायची.

"ताई, सकाळी सातले चॅपल म्हणते. चॅपल म्हणजे काय असते वं?"

"त्यांची वंदना."

"रोज?"

"रोज."

"आपले भंतेजी तर फक्त रविवारी बोलावते. हे लोक लयच कडक हायत." आणि पुन्हा व्हिडिओ. तिथे डोक्यावर टोपी घालतात का, मेलेल्या माणसाला पहिल्यांदा हात लावताना कोण बाजूला उभं राहतं, रात्रपाळीत भूक लागली तर काय. असले प्रश्न.

माझे प्रश्न वेगळे होते. मी शिष्यवृत्तीच्या आणि वसतिगृहाच्या पत्रकांवर वाढलेली. या लोकांना आमच्या बौद्ध घरातली पोरगी कशाला हवी, हा माझा प्रश्न. आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

फॉर्ममध्ये एक लेखी प्रश्न होता: या सेवेसाठी देवाने आपल्याला बोलावलं असं तुम्हाला कधी वाटलं का? मी लगेच म्हटलं, बघा, सापडले. आई शाळेत पोषण आहार शिजवते. ती तेव्हा सुट्टीत घरी होती, भाजी निवडत होती. ती म्हणाली, "देव कायले बोलावते? हिले तर शेजारच्या काकूनं बोलावलं होतं."

बहिणीने घरीच कागदावर तेच लिहून काढलं. शेजारच्या काकांना लकवा झाला तेव्हा काकू एकट्याने त्यांना वळवू शकत नव्हत्या, म्हणून भिंतीवर थाप मारून हिला बोलवायच्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ लाल झाली का ते बघायचं. 'मला देवाने नाही, काकूंनी बोलावलं,' असं वाक्य तिने लिहिलं. मी म्हटलं, हे खोड, थेट उद्धटपणा वाटतो. तिने नाही खोडलं. त्या अख्ख्या फॉर्ममध्ये तिच्या मनासारखी झालेली गोष्ट ती तेवढीच.

कारण बाकीचा फॉर्म दुकानात भरला गेला. या दुकानांची एक रीत आहे. कीबोर्ड दुकानदाराचा, खुर्ची दुकानदाराची. जिचा फॉर्म आहे तिने प्लास्टिकची फाईल छातीशी धरून मागे उभं राहायचं आणि विचारलं तेवढं सांगायचं. आमचा दुकानदार भला माणूस. हातही वेगात चालतो. धर्माच्या रकान्यापाशी तो थांबला.

"धर्म?"

"बौद्ध," बहीण म्हणाली.

"यादीत नाही हाय. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, इतर."

"मग इतर टाका ना दादा. पुढं लिहायले जागा दिसून राहिली."

त्याने खुर्ची फिरवली. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. "ताई, तुम्ही सांगा. ख्रिश्चन लोकायचं कॉलेज. त्यात इतर म्हणजे लग्नातला बिनबुलाया पाहुणा. ख्रिश्चन टाकतो, सीट पक्की. मागच्या साली एका पोरीचं असंच करून देल्लं."

"लागली का तिची?"

"ते नाही विचारलं मी."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात कागदावरचा धर्म ही साधी गोष्ट नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि पुढे बाबांच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहून घ्यायला ते तीन वेळा हेडमास्तरांकडे गेले. तिसऱ्या वेळी जेवणाचा डबा बांधून गेले, लिहिल्याशिवाय उठणार नाही म्हणून. हे ऐकत आम्ही मोठ्या झालो. मी या विषयावर दोन पानी पत्रक एका बैठकीत लिहू शकते. त्या दुकानात मात्र मला फक्त सीट दिसत होती.

मी म्हटलं, "टाका."

ख्रिश्चन टाकल्याबरोबर खाली आणखी तीन रकाने उघडले. चर्चचं नाव. बाप्तिस्म्याची तारीख. धर्मगुरूंचं पत्र. पहिल्यात दुकानदाराने 'नागपूर' लिहिलं. दुसऱ्यासाठी त्याने विचारलं, "तुमची दीक्षा कधी झाली?" बहीण म्हणाली, "आम्ही जन्मतःच बौद्ध हाओ." त्याने जन्मतारीख टाकली. आणि पत्राचं? "तुमच्यातलं जे कोणी मोठं असंन त्यायचं चालते. शिक्का पाहिजे फक्त."

शिक्का विहारात होता. माझ्या फोनवरून भंतेजींना विचारलं, त्यांनी तासाभरात पत्राचा फोटो पाठवला. सुंदर मराठीत, हाताने लिहिलेलं पत्र: ही मुलगी दर रविवारी विहारात वंदनेस येते, पंचशील पाळते, लहान मुलांना शिकवते, तिचे मंगल होवो. खाली गोल निळा शिक्का. आम्हाला कुणालाच काही वावगं वाटलं नाही. पत्र मागितलं होतं, पत्र दिलं. बारा चाळीसला फॉर्म गेला.

म्हणजे त्या विद्यापीठाकडे अशी एक ख्रिस्ती मुलगी पोहोचली जिचं चर्च म्हणजे अख्खं नागपूर, जिचा जन्म आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी, आणि जिचे धर्मगुरू तिच्या पंचशीलाची साक्ष देतात.

ती त्यांची प्रवेश परीक्षा पास झाली. नंतर तीन आठवड्यांनी मेल आला: आपली कागदपत्रं एकमेकांशी जुळत नाहीत, अर्ज थांबवण्यात आला आहे, मुलाखतीच्या वेळी खुलासा करावा.

मी मेल दोनदा वाचला आणि पत्रक लिहायला घेतलं. मथळा तयारच होता. बौद्ध मुलीला ख्रिस्ती विद्यापीठाने अडवलं! विहाराचं पत्र चालत नाही काय? अर्ध्या तासात मजकूर झाला. बहिणीला वाचून दाखवला.

ती म्हणाली, "ताई, त्यायले कसं माहीत मी बौद्ध हाओ म्हणून? फॉर्मवर तर तू मले ख्रिश्चन करून ठेवलं."

"पत्रावरून कळलं असेल."

"मग अडवलं कायच्यासाठी, बौद्ध हाओ म्हणून का खोटं लिहिलं म्हणून?"

"एकच आहे ते."

"नाही वं. एक कसं?" आणि तिने फोन लावला. मला न विचारता, मेलमधला नंबर लावला आणि स्पीकरवर ठेवला. मला याचं आजही नवल वाटतं, की इतक्या दिवसांत मला त्या लोकांबद्दल एवढं जाणून घ्यायचं होतं, आणि त्यांनाच विचारावं हे सुचलं नव्हतं.

पलीकडे एक बाई होत्या, हिंदीत बोलणाऱ्या, वयस्क आवाजाच्या. म्हणाल्या, "बेटा, तुम्हारी फाईल दो दिन से टेबल पर है. सब आकर पढ़ रहे हैं." मग त्यांनी शांतपणे सांगितलं: चर्चच्या मुलींसाठी काही जागा वेगळ्या असतात, बाकीच्या सगळ्यांसाठी खुल्या, कोणत्याही धर्माच्या. 'इतर' लिहिलं असतं तर पत्र लागलंच नसतं. आता ती चर्चच्या यादीत आहे आणि चर्चचा कागद नाही. खोटी माहिती ठरली तर अर्ज रद्द होतो. "आकर बता देना. और कौन भर रहा था फॉर्म, उसको भी लाना."

ते पत्रक मी छापलं नाही. पण तेव्हाही मी मनात दुकानदारालाच शिव्या देत होते.

मुलाखती नागपुरातच एका चर्चच्या शाळेच्या हॉलमध्ये होत्या. तिघे बसले होते. मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, आयुष्य वॉर्डात काढलेल्या, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. त्यांना मराठी येत होतं. आमच्या दोघींना एकदमच आत बोलावलं.

"सीटसाठी धर्म बदलायला तयार होतीस?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"नाही मॅडम."

"मग हे कोणी लिहिलं?"

मी वाट बघत होते, ती म्हणेल दुकानदाराने. ती म्हणाली, "मी बौद्ध सांगितलं होतं. दादानं ताईले विचारलं. ताई म्हणाली टाका. मले कोणी विचारलंच नाही."

हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. नाव-पत्ता सांगावा तसं सांगितलं. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी, जी चौकात माईकशिवाय बोलते, तिथे फक्त 'हो, मीच' एवढं म्हटलं.

बाईंनी पान उलटलं. "काकूंनी बोलावलं, हे मात्र तूच लिहिलंस."

"हो."

"रुग्णाला वळवताना तू काही म्हणायचीस? प्रार्थना वगैरे?"

"म्हणायची ना. काका, आता भिंतीकडं तोंड करा, म्हणायची."

बाई हसल्या. मग बहिणीने, मुलाखत तिची असताना, त्यांनाच विचारलं, "मॅडम, चॅपलमध्ये सगळे उभे राहिले तर मले बी राहावं लागंन का? मी येईन. पण मी म्हणणार नाही काही."

"उभी राहा," बाई म्हणाल्या. "दिवसभर तेच करायचं आहे, सवय होईल. म्हणणं तुझं तू ठरव."

मला वाटलं, झालं. झालं नव्हतं. नियम नियम होता. चर्चच्या यादीतून तिचं नाव निघालं, आणि खुल्या जागांच्या मुलाखतींची यादी तोवर बंद झाली होती. बाईंनी तिला दारापर्यंत येऊन सांगितलं, "खुल्या जागेला तुझे मार्क पुरेसे होते. पुढच्या वर्षी ये." मार्क पुरेसे होते, हे ऐकून ती पहिल्यांदा रडली, शाळेच्या गेटबाहेर, उसाच्या रसाच्या गाडीपाशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मी. दुकानदार नाही, विद्यापीठ नाही. मी, जी दुसऱ्यांच्या वतीने बोलण्यात हुशार समजली जाते.

एक वर्ष गेलं तिचं. सध्या ती शहराबाहेरच्या बेसा भागातल्या एका छोट्या दवाखान्यात केसपेपर लिहिते आणि घरी आल्यावर सांगते की तिथली नर्स सलाईन लावताना रुग्णाशी क्रिकेटवर बोलते, आणि असं काहून करते हे तिने त्या नर्सलाच विचारलं. उत्तर मला सांगितलं नाही. मीच विचारायला हवं होतं बहुतेक.

अर्ज पुन्हा उघडलेत. तुमच्याही घरात या आठवड्यात एखादी पोरगी फाईल घेऊन तुमच्या मागे उभी असेल. दुकानदाराला उठवा. तिला बसवा. प्रत्येक रकाना तिला मोठ्याने वाचू द्या, तिचं उत्तर तिच्या हाताने टाकू द्या, आणि कोणी खुर्ची फिरवून तुम्हाला विचारलं, तर तोंड बंद ठेवा आणि तिच्याकडे बोट दाखवा.