एका ठोकळ्याचा धुरा

वाटणी झाल्यापासून धाकटा भाऊ आणि मी फक्त लग्नाकार्यात बोलायचो. तो सौंसरला मास्तर, मी पांढुर्ण्याला कचेरीत बाबू. मग एका दिवाळीत त्यानं माझ्या मोबाइलवर ठोकळ्यांचा एक खेळ टाकून दिला. त्यात कुठकुठली अनोळखी माणसं एकाच रानात येतात, घरं बांधतात, शेती करतात आणि हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात. आम्ही दोघांनी तिथे नदीकाठी गाव वसवलं. मी सरपंच, तो उपसरपंच. वर्षभरात तीसेक घरं झाली. रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो की जेवायची हाक येईपर्यंत आमचं बोलणं चालायचं. इतकं आम्ही लहानपणीही बोललो नसू.

गावाचा पहिला कायदा माझाच. दोन शेतांच्या मधात एक ठोकळा रुंदीचा धुरा सोडायचा, त्याला कोणी हात लावायचा नाही. पुण्याची एक बाई खेळायला असायची, तिनं विचारलं, धुरा म्हणजे काय? भाऊ म्हणाला, तुमचा बांध. आमच्याकडे त्याच्यापायी भाऊ भावाशी बोलत नाही. सगळे हसले. मीही हसलो.

एका रविवारी पाहिलं, तर धुरा माझ्या गव्हात एक ठोकळा आत आला होता. पलीकडचं शेत भावाचं. त्याला फोन करून विचारता आलं असतं. मी सभा बोलावली, सगळ्यांसमोर जाब विचारला आणि त्याचं उपसरपंचपद काढून घेतलं.

तो आवाज न चढवता म्हणाला, "हो दादा, मीच सरकवला. पाहून राहिलो होतो, एका ठोकळ्यासाठी तू काय करतो ते. रामाकोन्याच्या वावरात तू धुरा सरकवला, तवा मी तुले काही म्हटलं होतं का?"

पंधरा दिवसांत सगळं गाव नदीपलीकडे त्याच्या नव्या वस्तीत गेलं. पुण्याची बाई जाताना म्हणाली, "सरपंच, आता सगळे धुरे तुमचेच."

घरी मी एवढंच सांगितलं, की भावानं दगा दिला. ते खोटं नव्हतं. त्यानं मुद्दाम डाव टाकला, परक्यांसमोर मला उघडं पाडलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. पण रामाकोना गावी वाटणीत आलेल्या संत्र्याच्या बागेला तारेचं कुंपण घालताना मी धुरा त्याच्या बाजूला सरकवला होता, हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तेव्हा तो बदलीवर दूर होता. त्याला कळलंच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो.

मागच्या आठवड्यात त्याला फोन लावला.

"सरकवला होता मी," म्हटलं. "दोन हात."



"तीन," तो म्हणाला.

तीनच होते. मला माहीत होतं.