माझाच आवाज ऐकायला कामरगावला

"तुहा आवाज रोज येते इथं," आत्या फोनवर म्हणाली. "तू कवा येशीन?" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी मी पुण्याहून निघालो. मी का निघालो ते आधीच सांगून टाकतो. मी जाहिरातींना आवाज देतो. जुन्या चालीरीतींच्या नावाने दिल्लीची सत्ता मागणाऱ्या पक्षासाठी या निवडणुकीत मी एक ध्वनिफीत वाचली. त्यांना वऱ्हाडी बोलणारा माणूस हवा होता, आणि माझं लहानपण आत्याकडे कामरगावात गेलेलं. मजकुरातला म्हातारा शेतकरी म्हणतो, 'पोरगी शिकाले शयरात जाते अन् घर इसरते. लेकीची जागा घरात. आपली रीत आपुनच राखाची.' मजकूर तपासायला आलेल्या साहेबांनी मधेच रेकॉर्डिंग थांबवलं, परदेशात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीचा फोन होता म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी वाचलं. शेवटच्या वाक्याआधी एक उसासाही टाकला. तो कागदावर नव्हता, माझ्या मनचा होता. साहेब खूश झाले.

कामरगावला अमरावतीहून सरळ जाता येतं. मी अकोल्याहून लांबची वाट धरली. पोचायला जितका उशीर होईल तितका बरा, असं वाटत होतं.

सकाळी जऊळक्याला उतरलो. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी शेतं, बांधावर तुराट्यांचे भारे, स्टेशनबाहेर मोहरलेला कडुलिंब. चहा आणि आलूबोंडा घेऊन बाकावर बसतो न बसतो तोच भोंगा लावलेला ऑटो आला आणि मी माझाच आवाज ऐकला. स्टुडिओत तो कानाजवळ होता. इथे तो शेतांवरून फिरून परत येत होता.

"काय बोलते बुढा!" हॉटेलवाला कढईतला झारा थांबवून म्हणाला. "एकदम आपल्यातला वाटते."

आलूबोंडा अर्धाच राहिला.

एसटीने मंगरूळपीरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दर्ग्याकडे जाणारी माणसं डोक्यावर रुमाल टाकून सावली धरून चालत होती. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत मी गाफीलपणे विचारलं, "कामरगावची गाडी कवा हाय?" गावात पाऊल पडलं की माझी भाषा आपोआप बदलते.

पुढे कांद्याचं पोतं घेऊन उभा असलेला माणूस गर्रकन वळला. "ओ भाऊ, अजून बोला पाहू काई तरी! तुमी त्या गाडीवरच्या बुढ्यावानी बोलून राह्यले."

मी मान हलवली आणि तिथून निघालो. गाडी मघाशीच गेली होती, म्हणून काळीपिवळी (प्रवासी जीप) धरली. त्या जीपमध्ये मी मुका झालो. भाडंसुद्धा खुणेने दिलं.

शेजारी एक शिक्षिका होत्या, माझ्याच वयाच्या. "घसा बसला का, दादा?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी पर्समधून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली. "चघळत राहा. आमचंबी बोलू बोलू असंच होते."

तेवढ्यात समोरून भोंग्याची गाडी धूळ उडवत गेली. बाईंचा चेहरा बदलला.

"हा बुढा एकदा भेटाच पाह्यजे मले. माह्या वर्गातल्या दोन पोरीयचे दाखले नेले बापायनं. काहून म्हणून इचारलं तं म्हंतेत, गाडीवरचा बाबा बरोबर बोलते. आमच्या आजीनं छप्पन साली धम्म घेतला, दादा. तवापासून आमच्या घरात एका पोरीची शाळा सुटली नाई. आता हे निवडून आले तं काय काय सुटन, सांगा तुमी!"

 माझ्या तोंडात त्यांचीच खडीसाखर होती.

आत्या अंगणात कडुलिंबाखाली बाजेवर बसलेली होती. तिने ताट वाढलं. कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची), भेदराची (टमाट्याची) चटणी. आतेभाऊ गजानन शेतातून आला आणि पाठीत धपाटा घालून म्हणाला, "काय आवाज देल्ला रे तू! सारं गाव म्हंते, गज्याचा भाऊ हाय." त्याची मुलगी सोनल पाणी ठेवून मुकाट आत गेली. ती अमरावतीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टी संपून पंधरा दिवस झाले होते आणि तिची भरलेली बॅग ओट्यावर तशीच पडली होती.

"पोरगी गेली नाही अजून?" मी विचारलं.

"नाई जात," गजानन म्हणाला. "तूच तं म्हणून राह्यला."

पाच वाजता ऑटो गल्लीत आला. "आता ऐक," आत्या म्हणाली. आम्ही तिघांनी ऐकलं. उसासा आला तेव्हा गजाननचे डोळे भरून आले.

"हा उसासा आमच्या बुढ्याचा हाय. पयल्यांदा ऐकला तं मले वाटलं माहा बापच बोलून राह्यला. त्याच्या शब्दाबाहेर मी कसा जाऊ?"

खरं होतं. उसासा आतोबांचाच होता. लहानपणी रोज कानावर पडलेला, नकळत घशात बसलेला. याच आतोबांनी माझी वळकटी खांद्यावर घेऊन मला अमरावतीच्या कॉलेजात नेऊन सोडलं होतं.

"गज्या," आत्या म्हणाली, "तुहा बाप तो उसासा कवा टाके, आठोते का? लती माहेरी आली का टाके. तिले चौथीतून काढलं म्हणून. मरेपर्यंत टाकला. अन् ह्यानं तो नेऊन इकला!"

लती म्हणजे गजाननची मोठी बहीण.  मी गजाननला म्हणालो, "भाऊ, ते माझं मत नव्हतं. मी फक्त वाचलं."

"मंग तुहं मत काय होतं? तवा सांगतलं का त्यायले?"

"नाही."

"मंग मले कायले सांगतं?"

सकाळी उठलो तेव्हा गजानन सोनलची बॅग घेऊन दारात उभा होता. "मत मी त्यायलेच देईन," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुह्या सांगण्यानं तं बदलत नाई. पण पोरीले नेऊन सोड. बुढ्यानं तुले सोडलं होतं तसं."

अमरावतीची गाडी खचाखच भरलेली होती; मिळालेल्या एकाच जागेवर मी बसलो. कंडक्टरने "कुठं?" म्हणून विचारलं. मी मोठ्याने, गावच्या बोलीत म्हणालो, "अमरावती. दोन." आजूबाजूच्या माना वळल्या. "हो," मी म्हणालो, "गाडीवरचा बुढा मीच हाय. शिकलो शयरात, पोटबी तिथंच भरतो. ते बोललो ते खोटं होतं. माह्या पुतणीले कॉलेजात सोडाले चाललो."

 मागून एक बाई म्हणाल्या, "मंग तिले बसू द्या ना बाप्पा! तुमीच कायले बसले?" सगळे हसले. मी उठलो आणि अमरावतीपर्यंत उभा राहिलो. सोनल खिडकीशी बसली. वसतिगृहाच्या फाटकात तिने बॅग माझ्या हातातून घेतली आणि एकच वाक्य बोलली, "काका, ते बंद करा."

पुण्यात आल्याबरोबर मी स्टुडिओत गेलो. ध्वनिफीत मागे घ्या म्हणालो. ती आता पक्षाची आहे, असं सांगण्यात आलं. उलट माझ्यासमोर नवा कागद ठेवला: विजयाबद्दल मतदारांचे आभार. आमच्याकडचं मतदान अजून व्हायचं होतं! लोकांनी बोटाला शाई लावून घेण्याआधीच यांनी लोकांचं उत्तर लिहून ठेवलं होतं. माझ्यासारखी माणसं कागदावरचं वाचत राहिली, तर ते उत्तर खरंही ठरेल. मी कागद टराटरा फाडला आणि जे पहिल्या दिवशी म्हणायला हवं होतं ते सगळं त्यांना ऐकवलं.

स्टुडिओवाला रागावलाही नाही. "काही हरकत नाही. आवाज दुसरा घेऊ. उसासा आहे आपल्याकडे, तो जोडता येतो."

आत्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.