मेश्रामभाऊंचा टेप

खाणीतून वर आलेला माणूस आधी तोंड धुतो, पाणी पितो, निदान बसतो. श्यामराव मेश्राम काळ्या धुळीने माखलेल्या हातानेच टेपचं बटण दाबायचे आणि आमची सगळी मजूर वसाहत हादरायची. कर्कश गिटार, दणदण ढोल आणि घसा फाडून ओरडणारा कोणी गोरा पोरगा. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणीवर हे संगीत ऐकणारा दुसरा मजूर असेल तर दाखवा.

टेप आणि कॅसेटी त्यांना खाणीवर शिकायला आलेल्या एका पोराने जाताना देऊन टाकल्या होत्या. त्यानेच सांगितलं होतं, की हे गाणारे बाजारात खपणारं गात नाहीत, रेडिओ त्यांना लावत नाही, कॉलेजांच्या हॉलमध्ये वाजवतात. मेश्रामभाऊंना एवढं पुरलं. शब्द कळत नव्हते, मतं मात्र ठाम. मी युनियनची पत्रकं लिहिणारा. एकदा तावातावाने विचारलं, या गोंगाटात आहे काय? ते शांतपणे म्हणाले, "हे पोट्टं गाऊन नाही राहिलं भाऊ, तक्रार करून राहिलं. गोड आवाजातली तक्रार कोण ऐकते?" पुढची कॅसेट जरा गुळगुळीत निघाली, तर म्हणाले, "याले पगारवाढ भेटली वाटते."

पगारानंतरच्या रविवारी वसाहतीत भाड्याचा व्हिडिओ यायचा. मला लढ्याचा सिनेमा हवा असायचा, त्यांना विनोदी. जाड्या बाईची किंवा तोतऱ्याची टिंगल सुरू झाली की ते उठून जायचे. नोकरीसाठी शेठला एक थाप मारायची, ती झाकायला दुसरी, असा सिनेमा त्यांना सर्वांत प्रिय. "पण शेवटी शेठ चांगला निघते अन् पोरगी देऊन टाकते, त्या सिनेमाले मी अर्धेच मार्क देतो." असले सिनेमे मजुराला झोपवतात, असं मी पत्रकात छापलं होतं. ते वाचून मला म्हणाले, "साहेबावर हासलेला माणूस दुसऱ्या दिवशी साहेबासमोर थोडा कमी वाकते. पाहा तुमी."

टेपचा आवाज का वाढत चाललाय, हे वसाहतीला उशिरा कळलं. ड्रिल मशीनवर वर्षं काढून त्यांचे कान गेले होते. भरपाई द्या आणि जमिनीवरचं काम द्या, ही आमची मागणी. त्यावर खाणीच्या ठेकेदाराने दिलेलं उत्तर आठवलं की आजही माझं डोकं फिरतं: कान ड्रिलने नाही, इंग्रजी गाण्यांनी गेले! वर मेश्रामभाऊंना बोलावून सांगितलं, डॉक्टरसमोर एवढंच कबूल कर, गेटवरची नोकरी पक्की.

सीताबाई, त्यांची बायको, कळवळून म्हणाली, "घ्या ना बोलून. गाण्यांले काय पोटाले घालता? दोन पोरी हायेत." तिचं काय चुकलं? मी मात्र त्यांच्या कानाशी ओरडून बजावलं, की तुम्ही हो म्हणालात तर ड्रिलवरच्या प्रत्येकाचा दावा बुडेल. त्यांनी टेपचं बटण दाबलं.

डॉक्टरने मोठ्याने विचारलं, घरात टेप मोठ्याने लावता का? "लावतो. माह्यासंग ड्रिलवर होता तो कोंडूबी बहिरा झाला, त्याच्या घरी रेडिओबी नाही. कान ड्रिलनं नेले, साहेब. ते जाऊन राहिले होते तवा या पोट्ट्यांनी मले सोबत केली. त्यांच्यावर खोटा आळ नाही घेत मी."

बाकीच्यांचा दावा उभा राहिला तो या बोलण्यावर. मेश्रामभाऊंना मात्र कामाला नालायक ठरवून काढलं. भरपाईचा निकाल लांबला. सीताबाईचं माहेर सानगडीचं, तिथे शेतात राबायला ते कुटुंब निघालं.

एसटीच्या खिडकीखाली उभं राहून मी मूठ उगारून बोलू लागलो. हे संपलेलं नाही, आम्ही गप्प बसणार नाही, वगैरे. ते कपाळाला आठी घालून माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सीताबाईनेही पदर तोंडाला लावला.

"भाऊ, आवाज नसला तं तुमी एक नंबर कॉमेडी दिसता," ते म्हणाले. "थांबू नका, बोला."

गाडी हलली. वळणाआड जाईपर्यंत त्यांचा चेहरा खिडकीत होता, आणि मी बोलत होतो.