खाटीकदादांनी अर्ध्या प्रवचनावर केलेला करार

खाटीकदादांना अर्धवट कामाचा मनस्वी तिटकारा होता, आणि सगळा घोळ त्या रविवारी पाळकसाहेबांचा घसा बसल्यामुळे झाला. पाळकसाहेब देवानं बायबलमधल्या अब्राहामाशी केलेल्या कराराबद्दल सांगत होते. त्या काळी करार करताना जनावरं उभी चिरायचे, अर्धे भाग समोरासमोर मांडायचे आणि दोन्ही पक्ष मधून चालत जायचे. म्हणजे शब्द मोडला तर माझंही असंच होवो. इथवर आले आणि त्यांचा आवाजच गेला. बाकीचं पुढच्या रविवारी, अशी त्यांनी हातानं खूण केली. मंडळी एक गीत म्हणून घरी गेली.

इतरांनी ते चर्चच्या दारातच सोडून दिलं. दादांना सोडता येईना. जनावर उभं चिरलेलं ते रोज बघत होते, त्यामुळे त्यांच्या अंगावर काटा आला होता. शिवाय त्यांच्या घरात एक प्रश्न होता, आणि तो प्रवचनाच्या वेळी मागच्या बाकावर डुलक्या काढत होता.

हा प्रश्न म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. गल्लीत त्याला सोमवार म्हणत, कारण तो दारू नेहमी येत्या सोमवारपासून सोडणार असायचा. अंगानं काटकुळा, बोलायला गोड, आणि शुद्धीवर असला की मांस कापावं तर त्यानंच. पण मागच्या आठवड्यात दादांनी त्याला जरा वेळ दुकानावर बसवलं, तर हा ठोकळ्यावर डोकं ठेवून झोपला आणि कुत्र्यांनी दुकान लुटलं. त्यावर दादांच्या बायकोनं स्वच्छ सांगितलं, "अहो, किती वर्षं बघायचं हे? आता एक तर भावजींची दारू जाईल, नाही तर भावजी जातील." तिचं काहीच चुकत नव्हतं. पण आई गेल्यापासून त्या पोराला दादांनीच वाढवलं होतं. त्याला घराबाहेर काढायचं त्यांच्याच्यानं होईना.

म्हणून हा करार त्यांना देवानं खास आपल्यासाठी धाडल्यासारखा वाटला. त्यांनी भावाला बोलावून घेतलं.

"मंगळवारी दुपारी दुकानात ये. न पिता ये. तू मधून चालायचं आणि दारू सोडली म्हणायचं. मी चालायचं आणि घर तुझं म्हणायचं. तू मोडलंस तर घर नाही."

"दादा, नुसती शपथ नाही का चालणार?"

"तुझ्या शपथा ठेवायला आता घरात जागा नाही."

मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दादांनी अर्धं शटर ओढलं, एक बोकड कण्यातून सरळ चिरला आणि दोन अर्धे समोरासमोरच्या आकड्यांना लावले. मधली वाट भावाच्या अंगाच्या मापानं ठेवली. सोमवार आला तो खरोखर न पिता आला. भीतीनं रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता. "जरा टेकतो," म्हणाला आणि फ्रीजरला टेकल्या टेकल्या घोरायला लागला.

दादांनी त्याला पाच मिनिटं द्यायचं ठरवलं. तोवर काय काय म्हणायचं असतं ते बघावं, म्हणून त्यांनी सोबत आणलेलं बायबल उघडलं. अब्राहाम त्या तुकड्यांवर उतरणारी गिधाडं हाकत होता, हे वाचून त्यांना बरं वाटलं. ते स्वतः माश्या हाकत होते. पण पुढे भलतंच निघालं. दिवस मावळायला आला आणि अब्राहामाला गाढ झोप लागली. तुकड्यांच्या मधून गेला तो धूर आणि जाळ, म्हणजे देव, आणि तोही एकटाच. अब्राहाम चाललाच नाही. त्यानं तोंडातून शब्दही काढला नाही.

दादांनी ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. गिऱ्हाईक झोपलेलं असताना सौदा पक्का झाल्याचं त्यांनी धंद्यात कधी पाहिलं नव्हतं. मग, आपण देवाला काय कबूल केलं होतं आणि त्यातलं किती पाळलं, हे ते आठवू लागले. पाळलेलं फारसं काही आठवेना. तरी आजवर देवानं त्यांना घराबाहेर काढलं नव्हतं.

त्यांनी भावाकडे पाहिलं. तोंड उघडं, एका पायातली चप्पल निसटलेली. त्याला हलवायला पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

मग ते एकटेच चालले. वाट काटकुळ्या माणसाच्या मापाची होती आणि दादांचं पोट खात्यापित्या घरचं होतं. त्यांना आडवं होऊन, श्वास रोखून सरकावं लागलं. गार चरबी दोन्हीकडून सदऱ्याला लागली. मोडलं तर माझं असं होवो, हे त्यांना अगदी खरं वाटत होतं. "घर तुझं," ते म्हणाले आणि पलीकडे निघाले.

सोमवार जागा झाला तेव्हा दादा सुरा पुसत होते.

"माझी पाळी आली का?"

"झालं सगळं."

"मी काय म्हणालो?"

"तू झोपला होतास. मीच म्हणालो, घर तुझं."

"आणि मी प्यायलो तर?"

"तर पिऊन घरी यायचं."

सोमवारनं आजवर खूप शिव्या खाल्ल्या होत्या आणि प्रत्येकीला त्याच्याकडे हसरं उत्तर असायचं.  या वेळी तो खाली वाकून चप्पल शोधत राहिला.

घरी दादांनी सगळं बायकोला सांगितलं. "म्हणजे त्यांनी काहीच कबूल केलं नाही?" तिनं विचारलं. "नाही," दादा म्हणाले. ती दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

सोमवारनं त्या दिवसापासून दारू सोडली असं सांगायला मलाही आवडलं असतं. तो शुक्रवारीच प्यायला. एरवी प्यायला की तो तोंड लपवून दोन-दोन दिवस कुठेतरी पडून राहायचा आणि दादा त्याला गल्लोगल्ली शोधत फिरायचे. या वेळी तो जेवणाच्या वेळेला सरळ घरी आला आणि उंबऱ्याबाहेर भिंतीला धरून उभा राहिला.

"दादा, मी मोडलं."

दादांच्या बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन आणखी एक ताट घेऊन आली.

"मोडायला त्यात तुझं काही नव्हतंच," दादा म्हणाले. "आत ये."