भिवंडीचे पर्यटनमंत्री

आमचे अंजूरचे मामा जाऊन आता वर्ष होत आलं, आणि भिवंडीचं पर्यटन तेव्हापासून जे बसलंय ते काही उठलेलं नाही. भिवंडी हे समुद्रकाठचं निसर्गरम्य शहर आहे असं मानणारा जगाच्या पाठीवर तो एकटाच माणूस होता. थट्टेनं नव्हे हो, अगदी मनापासून. बाकीची दुनिया भिवंडीला येते ती कापड न्यायला, गोदामात माल उतरवायला किंवा रस्ता चुकून. मामांकडे माणसं भिवंडी बघायला येत. म्हणजे येत कुठली, सापडत. बारशाला आलेला पाहुणा असो की जमिनीच्या कागदावर सही करायला आलेला लांबचा चुलता, मामा त्याला आपल्या पांढऱ्या गाडीत कोंबून सगळं शहर फिरवून आणल्याशिवाय सोडत नसत. एकदा तर मयताला आलेली मंडळी त्यांनी स्मशानातून परस्पर उचलली. "आलेच हाव तर बगून घ्या. परत कवा कोन मरतंय आन् कवा तुमी येताव," असं त्यांचं साधं म्हणणं. गाव त्यांना मंत्री म्हणायचं. खातं कुठलं, ते सांगायची गरजच नव्हती.

मंत्र्यांचा दौरा सुरू व्हायचा शहरातल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत. गल्लीच्या मधोमध गाडी उभी करून मामा चारही काचा खाली करायचे. दोन्ही अंगांनी लूम अशा काही खटाखट धडधडत की पाहुण्याचे दात हलायचे. एका काकूंची कवळी या गल्लीत निसटून पडली, ती त्यांना थेट रात्री जेवायला बसल्यावर कळली. मामा मात्र डोळे मिटून, मान डोलावत बसलेले. म्हणायचे, "समुद्राची गाज गाज काय करताव? एक लाट आली की दुसरीची वाट बगत बसा. हितं दम खायाला सवड न्हाय." तिथले लूममालक युसूफचाचा हे मामांचे शाळेपासूनचे दोस्त. ते दारात येऊन अतिशय गंभीर चेहऱ्यानं विचारत, "मंत्रीजी, आज कौन से मुल्क के मेहमान?" आणि सगळ्यांना चहा पाजत. लूमच्या हादऱ्यानं चहात बारीक बारीक लाटा उठत. मामा त्याही दाखवत.

मग मानकोली नाका. जगात इतरत्र देखावा बघायला गाडी थांबवावी लागते. मानकोलीला ती सोय सरकारनंच करून ठेवलेली आहे. कंटेनरच्या रांगेत एकदा अडकलं की पाहुण्यानं दाढी करून यावं आणि उतरताना ती पुन्हा वाढलेली असावी. त्या रांगेत बसून मामा दोन्ही बाजूंची गोदामं दाखवायचे. या गोदामात सगळ्या देशाचा साबण झोपतो, त्या गोदामात सगळ्या देशाची बिस्किटं, पलीकडे पार दिल्लीपर्यंतचे पंखे. ताजमहाल एका बाईसाठी बांधला, हे सगळ्यांसाठी बांधलंय, आता मोठं कोण ते तुम्हीच सांगा, असं ते विचारत. पाहुणा काही सांगत नसे. धुरानं त्याचा घसा बसलेला असे.

दौऱ्याचा कळस म्हणजे भिवंडीला लागून असलेल्या आमच्या अंजूरची खाडी. इथं मात्र मामांचा खरा अभ्यास दिसे. आमची खाडी ओहोटीला बघाल तर नुसता काळा चिखल, आणि वास असा की कावळासुद्धा वाकडी वाट करून जाईल. पण भरतीला, खरं सांगतो, तीच बया अशी काठोकाठ चढते की बघणारा गप्प होतो. म्हणून मामा पाहुण्यांना तिथीनं बोलावत. जवळची माणसं पुनवेला किंवा अवसेला, कारण त्या दिवशी ऐन दुपारी भरती. ज्यांच्याशी जेवढ्यास तेवढं, ते अष्टमीला. त्यांना दुपारी चिखल. माझ्या वडलांना, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याला, मामांनी जन्मभर अष्टमीलाच बोलावलं. का, ते आमच्या घरात अजून कुणी काढत नाही.

असा हा मंत्री एका परीक्षेला बसला, ती स्वतःच्या लेकीच्या लग्नात. मामी लवकर गेल्या. घरात मामा आणि त्यांची एकुलती एक हर्षला, एवढीच माणसं. हर्षला मानकोलीच्या एका गोदामाच्या ऑफिसात आल्या-गेल्या मालाच्या नोंदी करायची. तिथला सुपरवायझर निखिल. दोघांचं जमलं. मुलगा आपल्यातलाच, सरळ, नोकरीला इथंच. म्हणजे लग्न झालं तरी पोर संध्याकाळी हाकेच्या अंतरावर. मामा इतके खूश झाले की त्यांनी वडलांना नवमीला बोलावलं.

घोडं अडलं निखिलच्या आईपाशी. ही बाई मुरुडची. घर समुद्रासमोर, अंगणात सुरूची झाडं, चार खोल्या पर्यटकांना राहायला दिलेल्या. म्हणजे मामा जे नसताना दाखवत होते, ते हिच्या दारात पडलेलं होतं. तिनं निरोप धाडला: मुलगी पसंत आहे, पण लग्नानंतर दोघांनी नोकऱ्या सोडून मुरुडला यायचं आणि खोल्या सांभाळायच्या. भिवंडीत काय माणसं राहतात?

हे शेवटचं वाक्य ऐकून मामा रात्री भरल्या ताटावरून उठले. पोर शंभर कोसांवर जाणार हे एक, आणि त्यावर भिवंडीला नावं. त्यांनी उलट निरोप दिला की एकदा येऊन घर बघा, गाव बघा, मग बोला. आणि दिवस काढला. पंचांगात मुहूर्त कोण बघतो? मामांनी पुनव बघितली. दुपारी भरती, त्या आधी माझ्या आईच्या हातची चिंबोरी, खाडीची कोळंबी, तांदळाच्या भाकऱ्या. बाई जेवून काठावर येऊन उभी राहील आणि पाणी बघून तिथंच होकार देईल. सगळं बसवलेलं. एकच गोष्ट बघायची राहिली. ती पुनव गुरुवारी येत होती.

आता समुद्रकाठच्या माणसाला हे सांगायला नको. पण मामा भरतीच्या नादात वार बघायला विसरले, आणि गुरुवारी निखिलच्या आईला मासे चालत नव्हते.

ती मंडळी पहाटे निघाली आणि मानकोलीच्या देखाव्यात सापडली. मामा फोनवर फोन करत होते आणि पलीकडून निखिल सांगत होता की गाडी मघाशी होती तिथंच आहे. इकडे खाडी भरली, काठोकाठ झाली, थांबली आणि उतरायला लागली. मामा काठावर उभे राहून तिच्याकडे असे बघत होते की जणू हात धरून थांबवणार. पाहुणे दारात आले तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ चहाच्या वेळेला मिळाली होती. माझ्या आईनं चिंबोरीचं पातेलं पुढं केलं. बाईंनी हात जोडले. "आज बेस्तरवार हाय ना." एवढ्या थाटाच्या घरात बाई वरण-भात आणि पापडावर जेवली. मामांचा चेहरा त्या वरणापेक्षा पातळ झाला.

जेवण झाल्यावर बाई म्हणाली, चला, दाखवा तुमची ती खाडी. मामांनी आज पाय दुखतोय, ऊन आहे, साप निघतात, सगळं सांगून पाहिलं. बाई ऐकेना. आम्ही काठावर गेलो. समोर मैलभर काळा चिखल आणि मधे पाण्याची एक बारीक वळवळ. वारा नेमका आमच्याच तोंडावर. जन्मभर जिथं मामांचं तोंड बंद झालं नाही, तिथं ते खाली मान घालून उभे राहिले. मी आणि वडील इकडेतिकडे बघत होतो.

तेवढ्यात चिखलावर काहीतरी टुणकन उडालं. मग दुसरं. निवट्या होत्या, चिखलात राहणारी मासळी, बोटाएवढ्या, डोळे वटारून चिखलावर उड्या मारणाऱ्या. निखिलच्या आईनं चपला काढल्या, लुगड्याचा काचा मारला आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत ती गुडघाभर चिखलात उतरली. बिळात हात घालून तिनं निवटी काढली, दुसरी काढली, ओच्यात टाकली. मामांनी घाबरून विचारलं, "अवो, पन आज तुमाला चालत न्हाय ना?"

"खायाला चालत न्हाय," बाई चिखलातून म्हणाली. "धरू नको असं कोनी सांगलंय? आमच्या तितं वालू टाकून टाकून चिखल संपला हो. पोर होते तवा आये बरोबर धरायची. आता पर्यटकांना वालू लागते." मग कपाळावरचा घाम कोपरानं पुसत म्हणाली, "उद्या शुक्रवार हाय. ह्ये खाल्ल्याशिवाय मी जात न्हाय."

आमच्यात सोयरीक ठरण्याआधी मुलीच्या घरी कुणी मुक्काम करत नाही. मुक्काम केला म्हणजे ठरलं. मामांना हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते तसेच इस्त्रीच्या पँटीनिशी चिखलात उतरले. शुक्रवारी दुपारी निवट्यांच्या कालवणावर हात मारता मारता बाईंनी सांगून टाकलं, पोरांना इथं राहायचं तर राहू देत, खोल्यांचं मी बघेन. मामांनी जग जिंकलं. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसेनाशी होते न होते तोच त्यांनी मला सांगायला सुरुवात केली की मुरुडवाल्यांनासुद्धा भिवंडीपुढं हात टेकावे लागले.

हर्षला ओटीवरची ताटं उचलत होती. ती उचलायची थांबली.

"बाबा, तुमी सगल्यांना इचारलाव. मना कोनी न्हाय इचारलं."

मामांना वाटलं, पोरीला तारीख लांबवायची असेल. तिनं ताटं खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"मना मुरुडला जावाचं हाय. त्या खोल्या मना चालवाच्या हात. लहानपनापासून बगतेय, तुमी मानसांना गाव दाखवता. मना बी तेच कराचं हाय, बाबा. पन मना असा गाव पायजे, जितं मानसं आपल्या पायांनी येतात."

आयुष्यभर आम्ही सगळे मिळून मामांना जे बोलायला धजलो नव्हतो, ते ती पोरगी खरकटी ताटं समोर ठेवून बोलली. आणि त्यात कुचेष्टा नव्हती, हीच तर पंचाईत होती. मामा पायरीवर बसले. त्यांनी फक्त विचारलं, की हे निखिलला माहीत आहे का. आहे, ती म्हणाली. बरं, मामा म्हणाले, आणि उठून गाडीवरचा चिखल धुवायला गेले. गाडीवर चिखल नव्हता.

लग्न दणक्यात झालं. हळदीला स्पीकर असे लावले की मुरुडलासुद्धा झोप लागली नसेल. पण नवरीची गाडी निघायच्या वेळेला एक नवाच प्रकार झाला. आमच्याकडे नवरीबरोबर पाठराखीण जाते, एखादी मावशी, आत्या नाहीतर धाकटी बहीण. माझी आई नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन तयार उभी. तिच्या आधी मामा जाऊन गाडीत बसले. फेटा, झुपकेदार मिशी, मांडीवर कपड्यांची पिशवी. "हिची आये असती तर ती गेली असती," म्हणाले. "ती न्हाय, तर मी जातो." ठाणे जिल्ह्यात एवढी दणकट पाठराखीण आजवर कुठल्या नवरीला मिळालेली नाही. मांडवातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. हर्षला हसली नाही. तिनं सरकून त्यांना जागा केली.

पाठराखीण दोन-तीन दिवस राहून परतते. मामा चांगले आठवडाभर राहिले. इकडे अंजुरात सगळ्यांनी तयारी ठेवली होती. मुरुडचा समुद्र किती अळणी, तिथली घोडागाडी किती खिळखिळी, ती केळ्याच्या आकाराची बोट म्हणजे कसला पोरखेळ, हे ऐकायला ओटीवर माणूस मावत नव्हता. युसूफचाचासुद्धा लूम सोडून आले होते. मामा उतरले, आत आले, पाणी प्यायले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी युसूफचाचांनीच विचारलं, "बोलो मंत्रीजी, कैसा है उधर का?"

"बरं हाय," मामा म्हणाले.

सगळे थांबले. पुढचं येईल म्हणून वाट बघितली. मला राहवेना. मी म्हटलं, मामा, एवढंच?

"लेक नांदते तितं," मामा म्हणाले. "नावं कशी ठेवू?"