विहीणबाईंचं दह्याचं यंत्र

आमच्या विहीणबाई, मंदाताई, कुठल्याही वस्तूशी ओळख करून घ्यायच्या ती उलट्या हातानं. दुधाचं पातेलं असो, नातवाचं कपाळ असो, नाहीतर उन्हात उभी केलेली स्कूटर. हाताची मागची बाजू लावायची, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा. पहिल्यांदा आमच्या घरी नांदेडला आल्या त्या माझ्या मुलीला बघायला. मी पोहे, चिवडा आणि दोन प्रकारचे लाडू मांडून पदर सावरत उभी. बाई मुलीकडे बघून छान हसल्या, उठल्या आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन आमच्या फ्रिजच्या कुशीला उलटा हात लावून उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, तुमच्या फ्रिजला ताप हाय."

लग्न ठरायच्या आधीच त्या मला विहीणबाई म्हणून मोकळ्या झाल्या होत्या, म्हणजे मुलगी पसंत होती. पण हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. शिरलं एवढंच, की बाईंनी फ्रिजमागची जळमटं पाहिली. मी तेव्हा पंचावन्न वर्षांची अल्लड पोर होते. अब्रू नावाचा काचेचा पेला डोक्यावर घेऊन दिवसभर चालायची आणि तो कुणी बघत नसलं तरी पडू द्यायची नाही.

मंदाताईंनी सगळी नोकरी अहमदपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली आणि मग लातूरच्या घरी येऊन राहिल्या. यजमान आधीच गेले होते, मुलगा-सून पुण्यात. एकटी बाई पोथी वाचत असेल, असं मला वाटायचं. लग्नानंतर एका उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे चार दिवस राहायला गेले. मागच्या खोलीत एक जुना फ्रिज घरघरत होता. उघडला, तर आत प्लास्टिकचा मोठा डबा, त्याला खाली तोटी आणि झाकणावर बुडबुडे सोडणारी एक नळी.

"हे काय हो?"

"बिअर," त्या म्हणाल्या. भेंडी म्हणावं तसं म्हणाल्या.

मी फ्रिजचं दार लावलं, मग खोलीचं लावलं, मग खिडकीही लावली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "विहीणबाई, तिला श्वास घ्यायचाय, तुम्हालाबी. उघडा ती खिडकी."

कॉलेजात असताना हैदराबादला मामेबहिणीकडे त्यांनी एकदा घोटभर घेतली होती आणि ती आवडली होती. बास, एवढंच कारण. "दुकानात जायची सोय न्हाई. पुरुषानं मागितली तर दुकानदार बाटली देतो. बाईनं मागितली तर आधी तिच्याकडं बघतो. म्हटलं, आयुष्यभर पोरांना आंबवणं शिकवलं, आता आपलं आपण करून बघावं."

"आणि पोलीस आले तर?"

"उन्हातून येतील बिचारे. थंड करून देऊ."

ज्वारीला मोड आणायचे, गच्चीवर वाळवायची, भरडायची, हे त्यांना जमलं होतं. हॉप्स नावाची वाळकी कडू फुलं पार्सलनं यायची. अडत होतं ते लातूरच्या उन्हाशी. डबा तापला की आतलं यीस्ट पिसाळतं आणि बिअरला नखांचा रंग पुसायच्या औषधाचा वास येतो. आधी त्यांनी डब्याला ओलं पोतं गुंडाळलं. पण लातूरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. प्यायचं पाणी पोतंच पिऊन टाकायला लागलं, तेव्हा त्यांनी तो जुना फ्रिज मिळवला. तर तो जास्तच थंड. यीस्ट गारठून गप्प.

मग त्यांनी ते यंत्र केलं. कोंबडीची अंडी उबवायच्या पेटीत तापमान धरून ठेवणारी सर्किटची एक छोटी पट्टी मिळते. ती आणली आणि एका स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बसवली. डब्याला भोक पाडून त्यातून लाल आकडे दिसायचे. बाजूला दोन सॉकेट. एकात फ्रिज, दुसऱ्यात बल्ब. तो बल्ब फ्रिजच्या आत, तुपाच्या रिकाम्या डब्याखाली झाकलेला, कारण उजेड बिअरला सोसत नाही. गरम झालं की फ्रिज आपोआप चालू, गार झालं की फ्रिज बंद आणि बल्ब चालू. तापमान मोजणारी बारीक वायर दाराच्या रबरातून आत नेऊन बिअरच्या डब्याला चिकटवलेली आणि वरून वाकळीचा तुकडा बांधलेला.

"वायर नुस्ती लोंबकळत ठेवली तर ती हवेचं ऐकते. दार उघडलं की घाबरते," त्या म्हणाल्या. "पोटाला चिकटून असली की पोटातलं सांगते."

मला समोर बसवून त्यांनी वर्ग घ्यावा तसं सगळं शिकवलं. त्यातली दोन वाक्यं त्या येता-जाता म्हणायच्या. एक, "एक डिग्री इकडं-तिकडं चालायचं. लई काटेकोर राहिलं की मशीन जळतं." आणि दुसरं, "कॉम्प्रेसर बंद झाला की लगेच चालू करायचा न्हाई. त्याला दम खाऊ द्यायचा. माणसानंबी तोंड उघडायच्या आधी दम खावा." हे दुसरं त्या माझ्याकडे बघून म्हणत. मला वाटे, सहज बघतायत.

त्याच वर्षी थंडीत येळवस आली. लातूरकडे या अमावास्येला गावंच्या गावं शेतात जातात. शेंगा-भाज्यांची मिसळ भज्जी आणि ताकातली आंबील खाऊन-पिऊन दिवस काढतात. मंदाताईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. पहिल्यांदाच डबा मनासारखा उतरत होता. तोटीतून चमचाभर काढून त्यांनी हुंगला आणि पोरीसारख्या हसल्या. "वास न्हाई, काई न्हाई. यावर्षी शेतात, आंब्याखाली बसून, सगळ्यांसमोर पिणार. पहिला ग्लास तुमचा, विहीणबाई." त्यांनी किती डबे मोरीत ओतले होते ते मला ठाऊक होतं. तरी मला ऐकू आला तो फक्त 'सगळ्यांसमोर' हा शब्द.

येळवशीच्या दोन दिवस आधी शेजारच्या शकुंतलाबाई विळी मागायला आल्या आणि लाल आकड्यांपाशी थबकल्या. "अगं बया! ह्ये काय करूलालाव मंदाताई?"

मंदाताईंनी दम खाल्ला. मी नाही खाल्ला.

"दह्याचं यंत्र आहे!" मी म्हणाले. "थंडीत दही लागत नाही ना, म्हणून त्यांनी स्वतः बनवलं. काय घट्ट लागतं म्हणता! कवडी पडते नुसती." कुणी विचारलं नव्हतं तरी मी कवडीपर्यंत गेले.

मंदाताई काही बोलेपर्यंत शकुंतलाबाई गल्लीत पोचल्या होत्या. आंबिलीला लागतं ताक, ताकाला दही, आणि गारठ्यात दही लागत नव्हतं म्हणून सगळी गल्ली रडकुंडीला आलेली. दिवेलागणीला बायका दुधाची पातेली घेऊन दारात हजर. कुणाचं झाकण, कुणाचा फडका, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर माझ्या थापेचा आनंद.

मी भिंतीला टेकले. आता खरं बाहेर पडणार, नांदेडपर्यंत जाणार, मुलीच्या सासरी दारू गाळतात म्हणून लोक हसणार. मंदाताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. जवळ येऊन माझ्या गालाला उलटा हात लावला आणि हळूच म्हणाल्या, "किती तापलाव."

मग वळून बायकांना म्हणाल्या, "आणा."

बिअरचा डबा बाहेर काढला असता तर प्रश्न आले असते, म्हणून तो आतच ठेवला. शकुंतलाबाईंनी विचारलंच. "पाणी हाय, ऊब धरायला," मंदाताई म्हणाल्या. जन्मात खोटं न बोललेली बाई माझ्यामुळे बोलली. डब्याभोवती पातेली रचली आणि यंत्राचं बटण दाबलं. वीस. एकवीस. बावीस. त्या एकेक आकडा वर नेत होत्या आणि प्रत्येक आकड्याला काय मरतंय ते त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, मला तर समोर बसवून शिकवलं होतं. दह्याच्या आकड्यावर आल्यावर त्यांनी बोट काढलं. मी "थांबा" म्हणाले नाही. मी बायकांना कवडीचं सांगत होते.

सकाळी दही असं लागलं, की सुरीनं कापावं. मंदाताईंनी डबा मोरीत ओतला. तोच नखांचा वास घरभर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वासानं आलं, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेतात आंब्याखाली त्यांनी आंबिलीचा गडू माझ्यापुढे धरला. "घ्या विहीणबाई. तुमच्या मशीनची हाय."

माफी मागावी एवढी अक्कल मला नव्हती. आपण वेळ मारून नेली याचंच कौतुक. पुढे लातूरला कधीही गेले की गल्लीतल्या बायका दारात अडवायच्या. "नांदेडच्या विहीणबाई, काय ते तुमचं दह्याचं मशीन! घ्या, वाटीभर न्या!" मी फुगायचे आणि त्यांनाच यंत्र समजावून सांगायचे, वायर पोटाला कशी चिकटवतात वगैरे. त्या पदर तोंडाला लावून ऐकायच्या. मला वाटायचं, भारावल्यात. मंदाताई दर खेपेला संध्याकाळी दोन पेले काढायच्या आणि मी दर खेपेला म्हणायचे, "आज नको हो, पुढच्या वेळी." एक पेला भरायचा, एक पालथाच राहायचा.

गेल्या उन्हाळ्यात मंदाताई गेल्या. भाजी निवडताना खुर्चीतच. तेराव्याला गल्लीतल्या बायका बसल्या होत्या आणि कुणीतरी म्हणालं, "त्यांच्या मशीनचं दही काय लागायचं!" मी मान खाली घालून बसले होते. जिला खोटं बोलवत नव्हतं, तिच्या तेराव्याला माझी थाप वाढली जात होती. मी म्हणाले, "ते दह्याचं नव्हतं. बिअरचं होतं. मी खोटं बोलले होते."

कुणी दचकलं नाही. शकुंतलाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आम्हाला माहीत हाय, बाई. त्या येळवशीनंतर आम्ही परत दूध घेऊन गेलो, तवा त्यांनी सरळ सांगितलं. आम्ही दोघी-तिघींनी चाखलीबी. पण म्हणाल्या, माझी विहीण नांदेडहून आली की दहीच म्हणायचं. तिला लाज वाटती."

म्हणजे इतकी वर्षं माझी अब्रू मी सांभाळत नव्हते. अख्खी गल्ली सांभाळत होती, पदर तोंडाला लावून.

तो फ्रिज मी नांदेडला आणलाय. डबा, बल्ब, वाकळीचा तुकडा, सगळं. पहिले दोन डबे मोरीत गेले. येणारे-जाणारे लाल आकड्यांकडे बघून विचारतात, "आजी, हे काय?" मी आधी दम खाते. मग सांगते, बिअर. सांगताना कान अजून तापतात. पण एक डिग्री इकडं-तिकडं चालायचं.