नळी किती लांब घेऊ

हॅनोव्हरच्या बाहेर, गाव संपतं तिथे, आमच्या नेमबाजी क्लबचं मैदान आहे. तिथे उडत्या तबकड्यांवर छऱ्याची बंदूक चालवतात. एका फेरीत पंचवीस तबकड्या. पहिल्या फेरीपासूनचे माझे सगळे आकडे वहीत आहेत. पहिल्या वर्षी माझी सरासरी अकरा होती. चौथ्या वर्षी अठरा झाली.

त्याच चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला मीच एकाला क्लबात नेलं. तो पुण्याचा, आमच्याच कंपनीत दुसऱ्या विभागात, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मला दादा म्हणायचा. दहाव्या महिन्यात त्याची सरासरीही अठरावर आली. मी त्याची पाठ थोपटली, आणि घरी येऊन दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहून बघितले. तसं करायची काही गरज नव्हती.

आकड्यांचंच असतं तर मी सहन केलं असतं. क्लबच्या अध्यक्षीणबाई सत्तरीच्या. माझ्याशी बोलताना दोनदा ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणून उठतात. त्याच्याबरोबर मात्र कॉफीचा दुसरा कप घेऊन बसायच्या आणि खो खो हसायच्या. माझं जर्मन व्याकरणाने त्याच्यापेक्षा शुद्ध आहे. पण शुद्ध बोलून कुणी हसत नाही.

क्लबची रीत अशी की एकाने नेम धरायचा आणि दुसऱ्याने मागे बसून गुणांचा तक्ता लिहायचा. आम्ही दोघं एकमेकांचे तक्ते लिहायचो. त्यामुळे त्याची सगळी पानं माझ्या अक्षरात, माझ्याच फाइलीत होती.

दर शरद ऋतूत शेजारच्या क्लबांशी सामना होतो. आमचे पाच जण जातात. त्या वर्षी एका जुन्या सभासदाचा खांदा निकामी झाला आणि पाचवी जागा रिकामी पडली. ती कुणाला द्यायची, हे सप्टेंबरमधल्या एका फेरीवर ठरणार होतं. चार वर्षं मी त्या जागेची वाट बघत होतो. आता दावेदार दोनच होते, मी आणि तो.

ऑगस्टमध्ये त्याचं सभासदत्वाचं वर्ष पूर्ण झालं आणि स्वतःची बंदूक घ्यायचा परवाना आला. तोवर तो क्लबच्या दोन बंदुका आलटून पालटून वापरायचा. दोन्ही दुनळी, नळीवर नळी. एकीची नळी एकाहत्तर सेंटिमीटर, दुसरीची शहात्तर. शनिवारी गाडीतून परत येताना त्याने विचारलं, “दादा, नळी किती लांब घेऊ? दुकानदार म्हणतो शहात्तर. इंटरनेटवर दहा जण दहा गोष्टी सांगतात. तुम्ही मोजलं असेलच.”

मी मोजलं होतं. बॅगा तोलायचा हुकाचा काटा क्लबात नेऊन दोन्ही बंदुका टांगल्या होत्या. त्यावरून घरी ऐकूनही घेतलं होतं. बायको म्हणाली होती, “अहो, तो काटा आईंच्या औषधांची नि चॉकलेटची बॅग तोलायला आणलाय. उद्या त्यावर मलाच टांगाल.” लांब नळीची बंदूक एकशे तीस ग्रॅमने जड निघाली, आणि तो जास्तीचा भार सगळा पुढच्या टोकाला होता.

मी त्याला म्हणालो, “लांब नळी तबकडीमागे फिरवताना मध्येच थांबत नाही, एकसारखी फिरते. नजरेची रेघ लांब मिळते. तबकडीवाले बहुतेक शहात्तरच वापरतात.”

“आणि छरे लांब जातात ना?”

“नाही. आजच्या काडतुसांत पाच सेंटिमीटरने तसा फरक पडत नाही.”

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. सांगितलं नाही ते एवढंच, की आमच्या मैदानामागे झाडी आहे, तबकडी लवकर दिसेनाशी होते, आणि त्याच्यासारख्या बुटक्या, चपळ माणसाला तिथे आखूड नळी बरी पडते. त्याचे तक्तेही तेच सांगत होते. एकाहत्तरवर एकोणीस, वीस, एकोणीस. शहात्तरवर सतरा, अठरा, सतरा. त्याने विचारलं तेव्हा हे सहा आकडे मला पाठ होते.

त्याने शहात्तरची घेतली. सप्टेंबरच्या फेरीत त्याने सतरा फोडल्या, मी अठरा. जागा मला मिळाली. अध्यक्षीणबाईंनी माझा हात हातात घेतला. तो मागून सगळ्यांना सांगत होता, “दादांनीच निवडून दिलीय बंदूक. हात बसायला वेळ लागेल थोडा.”

घरी बायकोने शिरा केला. खाताना सहज म्हणाली, “त्याला ती पानं दाखवली होतीत ना? वजनाची, आकड्यांची?”

मी म्हणालो, “त्याने पानं मागितली नव्हती.”

ती वाटीत आणखी शिरा वाढायला आली होती, तो वाढला नाही.

त्या आठवड्यात मी वहीत माझे अठरा लिहिले नाहीत. वहीत रकाना रिकामा राहण्याची ती पहिलीच वेळ. शनिवारी पानं घेऊन गेलो आणि मैदानावर त्याच्या हातात दिली. त्याने दोनदा वाचली.

“हे तुमच्याकडे तेव्हाच होतं?”

“हो.”

“मी विचारलं तेव्हा?”

“हो. जागा मला हवी होती.”

त्याने पानं घडी करून खिशात ठेवली आणि क्लबच्या कपाटातून एकाहत्तरची बंदूक मागून घेतली. मी अध्यक्षीणबाईंकडे जाऊन सांगितलं, की निवडीची फेरी पुन्हा घ्या, माझ्याकडून त्याला अपुरा सल्ला गेला आहे. बाई म्हणाल्या, “सल्ला ऐकणं ही ज्याची त्याची जबाबदारी.” मी पुन्हा सांगितलं. जर्मन शुद्ध होतं, पण आवाज नीट नव्हता. त्यांनी फेरी घेतली. त्याने एकवीस फोडल्या, मी पुन्हा अठरा.

सामन्याला तो गेला. तक्ता लिहायला माणूस हवा होता, म्हणून मीही गेलो. सामन्याच्या दिवशी त्याने मला नमस्कार केला, “पेन आहे ना तुमच्याकडे?” विचारलं. दादा म्हणाला नाही. अजूनही म्हणत नाही.

पंचविसावी तबकडी फुटली. त्याच्या खांद्यावर थाप पडली, ती माझ्या खांद्यावर पडायला हवी होती, असंच मला नेहमीसारखं वाटलं. मी बेरीज केली, मग शेवटाकडून पुन्हा केली, आणि त्याच्या रकान्यात बावीस लिहिले.